हात थांबल्यावर

पाठ टेकून बसा. खुर्ची असली तर उत्तम, मांडी घालण्याचा हट्ट नको. तुम्हाला स्वतःला पार्किन्सन्स असेल, घरात कोणाला असेल, मेंदूत तारा बसवण्याची ती शस्त्रक्रिया, डीबीएस, होऊन गेली असेल किंवा नुसता तिचा विचार चालला असेल. यातलं काहीच नसेल तरी बसा. वाचता वाचता मध्येच थांबलात तर चालेल. थांबावं म्हणूनच हे लिहिलं आहे.

दोन्ही हात मांडीवर ठेवा. त्यांना काही काम सांगू नका. हात कापत असेल तर कापू द्या, दुसऱ्या हाताखाली दाबू नका. कापत नसेल तर त्या न कापण्याकडे जरा बघा. एरवी तिकडे लक्ष जायचं कारण नसतं.

पार्किन्सन्सचा कंप हात कामाला लागला की बहुधा कमी होतो आणि विसावला की परत येतो, सेकंदाला चार ते सहा वेळा. पेला उचलताना सावरलेला हात पेला ठेवून सोफ्यावर टेकला की पुन्हा सुरू. या आजारात कामं अवघड होतात हे सगळे जाणतात. विसावाच हातचा जातो, हे बाहेरच्याला कळत नाही. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर जे छोटं पुस्तक लिहिलं त्यात सहा माणसांच्या हकिगती आहेत, आणि त्यांतली काही तर त्यांनी नुसती रस्त्यात पाहिलेली. दोनशे वर्षं झाली, रस्त्यातली नजर अजून आधी हाताकडेच जाते.

आता थोडं आत जाऊ. मेंदूच्या बुडाकडे काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. त्या पेशी डोपामिन तयार करतात. पहिला कंप दिसतो, किंवा चालताना एका हाताचा झोका बंद पडतो, तोवर त्यांतल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. इतकी वर्षं शरीर उरलेल्या पेशींवर भागवत होतं आणि कोणाला पत्ता नव्हता. हळहळू नका. आपल्याला न विचारता शरीर किती सांभाळून घेतं, तेवढंच बघा.

मग गोळी येते. लेव्होडोपा, आपल्याकडे बऱ्याच घरांत तिचं नाव सिंडोपा. सुरुवातीची काही वर्षं ती इतकी छान लागू पडते की आजार आहे हे विसरायला होतं. पुढे तिचा असर आखूड होत जातो. आठची गोळी साडेअकराला उतरते, पुढची चढायला वेळ घेते, जेवणात उसळ किंवा पनीर जास्त झालं तर आणखी वेळ. कधी ती गरजेपेक्षा जास्त चढते आणि मान, खांदे, पाय आपोआप वळवळू लागतात. 'ऑन' आणि 'ऑफ' हे शब्द अशा घरांत दिव्यापेक्षा माणसासाठी जास्त वापरले जातात. "बाबा ऑन आहेत ना? मग आत्ताच बँकेत जाऊन येऊ." लग्नाचा मुहूर्त भटजींनी काढलेला असतो, आपण अक्षता टाकायला पोचणार की नाही, ते गोळी ठरवते.

तुमच्या घरातला असा एखादा दिवस डोळ्यांसमोर आणा. कोणाच्या वेळा कोणाच्या गोळीला बांधलेल्या आहेत? जी माणसं गोळी घेत नाहीत, त्यांचाही दिवस तिनेच कापला आहे का? पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात आजार असलेल्याला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. आपणही तसंच म्हणू. शुभंकराचा दिवसही मोजायचा आहे.

गोळीचं गणित असं बिनसलं की कोणीतरी डीबीएसचं नाव काढतं. बहुतेकांनी ती आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलेली असते. हात जोरजोरात कापतोय, कोणीतरी छातीजवळ रिमोटसारखं काही धरतं, बटण दाबतं, हात थांबतो. खोलीत टाळ्या. हे व्हिडिओ खोटे नसतात. तरी मला ते आवडत नाहीत, कारण टाळ्या वाजल्या की ते संपतात. चहाचा कप पुढे आलाय, लेकीचा फोन येतोय, रात्री कूस वळायची आहे, त्यातलं काही त्यांत येत नाही. आज आपण टाळ्यांनंतरचं बघणार आहोत.

हात थांबवण्याची ही तऱ्हा फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरातली. न्यूरोसर्जन अलीम-लुई बेनाबीद कंपासाठी मेंदूतला एक बारीक भाग निकामी करण्याची जुनी शस्त्रक्रिया करत. जागा बरोबर आहे ना, हे तपासायला आधी तिथे हलकी वीज सोडून बघत. स्पंद सावकाश दिले तर उपयोग नसे, कधी कंप वाढायचाही; सेकंदाला शंभराच्या घरात दिले आणि कंप थांबला. मग तो भाग निकामी करायचाच कशाला, तारच तिथे राहू द्यावी. ही १९८७ची गोष्ट. १९९० साली अमेरिकेत मॅलन डीलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांमध्ये दाखवून दिलं की सबथॅलॅमिक न्यूक्लिअस हा खोलवरचा एवढासा पुंजका शांत केला तर नुसता कंप नव्हे, ताठरपणा आणि मंदपणाही उतरतो. १९९३ साली ग्रनोबलला तार तिथे बसली. दोघांना मिळून २०१४चा लास्कर पुरस्कार मिळाला.

डोळे मिटता आले तर मिटा. (मिटल्यावर वाचणार कसं, हा प्रश्न रास्त आहे. शेजारच्याला मोठ्याने वाचायला सांगा. त्यालाही ऐकायचंच आहे.) सकाळ आहे. रात्रीपासून गोळी बंद, कारण डॉक्टरांना आजार उघडा बघायचाय. डोक्याला धातूची चौकट पक्की केली आहे, ती इकडची तिकडे होत नाही. मेंदूला स्वतःला दुखत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी ही शस्त्रक्रिया माणूस जागा असतानाच करतात. जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची तार आत उतरतेय. कोणीतरी म्हणतं, मूठ उघडा, मिटा. एक ते वीस आकडे म्हणा. कोपरात वर्षानुवर्षं बसलेला ताठरपणा सैल पडतो, आणि तो सैल पडल्याचं तुमच्या आधी तुमचा हात हलवून बघणाऱ्या डॉक्टरांना कळतं.

पुढच्या काही दिवसांत कधी कधी मोठी फसगत होते. यंत्र अजून चालू केलेलंही नसतं, तरी बरं वाटतं. तार आत गेल्यामुळे त्या जागेला जो धक्का बसतो, त्याचा हा गुण. तो ओसरतो आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो. मग गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेलं यंत्र चालू होतं आणि प्रोग्रामिंगचे महिने सुरू होतात. सेकंदाला साधारण १३० स्पंद. जोर थोडा वाढवायचा, जीभ जड झाली का ऐकायचं, थोडा कमी करायचा, आठवड्यांनी परत यायचं. या महिन्यांचा व्हिडिओ काढला तर कोणी फॉरवर्ड करणार नाही.

यातून हाती काय लागतं? २००९ साली अमेरिकेत २५५ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांना सहा महिन्यांनी दिवसाला सरासरी ४.६ तास जास्त मिळाले. अंग मोकळं आहे आणि त्रासदायक वळवळही नाही, असे तास. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांची सरासरी वाढ शून्य. गंभीर गुंतागुंती मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांतच जास्त होत्या, हेही त्याच अभ्यासात आहे. २०१३ साली फ्रान्स आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी २५१ जणांचा अभ्यास छापला. ही माणसं तरुण म्हणावीत अशी, सरासरी बावन्न वर्षांची, आजाराला साडेसात वर्षं झालेली. दोन वर्षांनी शस्त्रक्रियावाल्यांच्या जीवनमानाची गुणसंख्या २६ टक्क्यांनी सुधारली होती. औषधंवाले जवळपास होते तिथेच.

टक्के बाजूला ठेवा. साडेचार तासांपाशी थांबा.

तुम्हाला रोजचे साडेचार तास कोणी परत दिले, तर त्यांचं काय कराल? मोठं काही सांगायची घाई नको. काश्मीरला जाऊ, पुस्तक लिहू, हे पहिलं उत्तर असतं आणि ते जरा बाहेरच्यांसाठी दिलेलं असतं. खाली उतरा. रात्री कुशीवर वळता येणं. शर्टाचं वरचं बटण. भाजीवाल्यासमोर मागे रांग असताना पाकिटातून सुटे काढणं. सही बँकेत जुळणं. नातवाला मांडीवर घेताना त्याच्या आईच्या चेहऱ्याकडे न बघावं लागणं. यातलं तुमचं कोणतं? एकच निवडा आणि ते करताना स्वतःला बघा, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

जीवनमान मोजायला डॉक्टर बहुतेक वेळा ऑक्सफर्डला तयार झालेली ३९ प्रश्नांची यादी वापरतात. प्रश्न साधे आहेत. आजारामुळे गेल्या महिन्यात लोकांसमोर खाणंपिणं कितीदा टाळलंत? आजार लपवावासा कितीदा वाटला? आपल्याकडे दुर्लक्ष होतंय असं कितीदा वाटलं? अशा याद्यांवर माझा फारसा विश्वास नसतो, पण ही कोणीतरी रुग्णांजवळ बसून केलेली दिसते. कंपाचा जोर ती विचारत नाही. कंपामुळे तुम्ही कुठे गेला नाहीत, ते विचारते.

लग्नातली पंगत आठवा. तुम्ही गेलात, पण "आत्ताच खाऊन आलोय" म्हणालात. भूक होती. ती भूक आता आठवून बघा.

आता दुसरी बाजू. शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्यांनी इथे जास्त वेळ काढावा. तुमच्या सध्याच्या दिवसातला सगळ्यात चांगला तास कोणता? गोळी नीट चढलेली, पाय हलके, चेहरा उघडा. तो तास मनात धरा. त्या तासात जे जमतं, तेच बहुधा डीबीएसनंतर जास्त वेळ जमेल. कंप तेवढा अपवाद; गोळीला न जुमानणारा कंपही यंत्राला दाद देतो. पण त्या चांगल्या तासातही तोल जात असेल, पाय जमिनीला चिकटत असतील, आवाज विहिरीतून आल्यासारखा येत असेल, तर तारेकडून त्याची आशा धरू नये. आवाज तर काहींचा आणखी खाली जातो. हात स्थिर झालेल्या माणसाला घरचे दहा वेळा "काय म्हणालात?" विचारतात, आणि अकराव्या वेळी तो बोलणंच सोडतो. मला स्वतःला हा सौदा कंपापेक्षा अवघड वाटतो.

शरीराला काय काय आपोआप येत होतं, ते गेल्याशिवाय कळत नाही. झुरिकच्या डॉक्टरांनी २०१९ साली नऊ जणांची हकिगत प्रसिद्ध केली. सगळे चांगले पोहणारे. डीबीएसनंतर चालणं, हात, सगळं सुधारलेलं. पण पाण्यात उतरल्यावर हातपाय एकमेकांशी जुळेनात. एकाने भरवशाने तळ्यात उडी मारली आणि त्याला बाहेर काढावं लागलं. तिघांनी यंत्र बंद करून पाहिलं तर पोहणं लगेच परत आलं. पण मग बाकीचा सगळा त्रासही परत, म्हणून त्यांनी यंत्र चालू केलं. कोकणात, गोव्यात, नदीकाठी वाढलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं: शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा पाण्यात जाताना शेजारी पोहणारा माणूस हवा.

आता शुभंकराकडे वळू. ही कल्पना आहे, पण तुम्हाला ओळखीची वाटेल. ती आठ वर्षं रोज सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं लावतेय. आधी खालचं, मग वर. त्यात कंटाळा होता, घाई होती, कधी चिडचिड होती, आणि दिवसातली तेवढी दोन मिनिटं ते दोघं समोरासमोर उभे असत. यंत्र चालू झाल्यानंतरची एक सकाळ. ती नेहमीसारखी पुढे येते.

"थांबा, मी लावते."

"लावली मी."

आनंद होतो. होतोच. पण आणखी काहीतरी होतं, ज्याला नाव द्यायची तिला लाज वाटते. मग दिवसभरात तेच. "मी जातो एकटा." "मला कळतंय." त्यांना वाटतं, ही अजून मला आजारीच समजते. तिला वाटतं, आठ वर्षांचं कोणी काही बोललंच नाही. या दोघांपैकी तुम्ही कोण आहात? त्याच्या जागी बसा. मग उठून तिच्या जागी बसा. घाई नको, दुसऱ्या खुर्चीवर बसायला वेळ लागतो.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी नेमकं हेच पाहिलं. डॉक्टर शार्को यांनी या आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं, तेच हे हॉस्पिटल. २००६ साली तिथल्या डॉक्टरांनी २९ रुग्णांच्या सविस्तर मुलाखतींवर लेख लिहिला. हालचाल सुधारली होती, जीवनमानाचे गुणही वाढले होते. तरी २४ जोडप्यांपैकी १७ जोडप्यांच्या घरात तंटे झाले होते. आधी नोकरी-व्यवसाय करणाऱ्या सोळांपैकी नऊच कामावर परतले. काहींना आपण बॅटरीवरचं खेळणं झालो असं वाटत होतं. दुरुस्त झालेल्या शरीरात अस्वस्थ मन, अशा अर्थाचं शीर्षक त्या डॉक्टरांनी लेखाला दिलं. स्वतःच्याच यशाबद्दल असं लिहायला धैर्य लागतं.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते, पैशाची. यंत्र, शस्त्रक्रिया, पुढच्या खेपा मिळून कित्येक लाखांचा खर्च. कुठे प्लॉट विकलेला, कुठे मुलाने कर्ज काढलेलं. मग ज्याच्यासाठी केलं त्याला बरं दिसावं लागतं. पाहुणे येतात, "दाखवा बघू हात," म्हणतात, आणि तो हात पुढे करतो. त्या दिवशी मन खाली असलं तरी सांगायची सोय नाही, कारण इतकं केलंय सगळ्यांनी. तुमच्यावर हे ओझं असेल तर ते ओळखा. तुम्ही ते कोणावर टाकलं असेल तर तेही ओळखा. माफी वगैरे नंतर.

मन खाली जाण्याचं कारण कधी अगदी साधं असतं. सबथॅलॅमिक डीबीएसनंतर गोळ्या बऱ्याच कमी करता येतात. पण डोपामिन नुसतं हातपाय हलवत नाही, उठावंसं वाटणं हेही त्याच्याकडेच असतं. गोळ्या भराभर उतरल्या की काहींची इच्छाच विझते. हात चालतो, पाय चालतात, आणि माणूस खिडकीशी बसून असतो. "आता तर सगळं येतं तुम्हाला, मग बसून का राहता?" हा प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो आणि सुरीसारखा लागतो. उलटही घडतं: कोणी एकदम उतावीळ होतो, खरेदी सुटते, रागाला बांध राहत नाही. दोन्ही गोष्टी स्वभावावर ढकलू नका. गोळी आणि यंत्राचे आकडे बदलून त्या बऱ्याचदा आटोक्यात येतात. जगणं नकोसं वाटायला लागलं तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं.

यंत्र बंद केलं तर कंप काही मिनिटांत परततो, ताठरपणा थोडा उशिरा. म्हणजे आजार गेलेला नाही, आणि वर्षांगणिक तो पुढे सरकतोच. तोल, गिळणं, स्मरण या वाटांवर त्याला तार अडवत नाही. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांनी बदलावी लागते, चार्ज होणारी घेतली तर मोबाइलच्या जोडीला आणखी एक गोष्ट चार्जिंगला लावायची. हे सगळं धरून साडेचार तास घ्यावेत का? माझं मत विचाराल तर, योग्य माणसाला, योग्य वेळी, घ्यावेत. आणि फार उशीर करू नये. पण ते घेणारं एक माणूस नसतं, घर असतं, हे आधी बोललेलं बरं.

म्हणून शेवटी एक काम. दोन कागद घ्या. शुभार्थी एकावर लिहील, शुभंकर दुसऱ्यावर, वेगवेगळ्या खोल्यांत. शस्त्रक्रिया व्हायची असेल तर: त्यानंतर मला काय करायचंय, आणि तू काय करणं थांबवावंस असं मला वाटतं. झालेली असेल तर: काय परत आलं, काय आलं नाही, आणि काय गेलं त्याची मला आठवण येते. अक्षर बारीक आणि आक्रसलेलं आलं तरी चालेल, या आजारात ते येतंच. दोन-तीन ओळी पुरे.

मग समोरासमोर बसून एकमेकांचा कागद वाचा, मोठ्याने नको. सगळं जुळणार नाही. जुळलं तर कोणीतरी सांभाळून लिहिलंय. पुढच्या भेटीला दोन्ही कागद बरोबर न्या. डॉक्टर अंगठा आणि तर्जनी भराभर टेकवायला सांगतील, खुर्चीतून उठायला सांगतील, व्हरांड्यात चालायला लावतील. ते झालं की त्यांच्या टेबलावर कागद ठेवा आणि वाचून होईपर्यंत बसून राहा, बाहेर पुढचा नंबर ताटकळत असला तरी.